गिरणी आमच्या घामाची, आणि घर मात्र शेलूला!

मुंबईस गेलेल्या कोणाही खेडुताने परळच्या बाजूला हिंदमात्यापाशी क्षणभर थांबावे आणि टाटा मिलच्या दरवाजाकडे नीट पाहून घ्यावे. नाव टाटांचे असले तरी ही आता कोणा शेटजीची खाजगी मिळकत नव्हे. ही सरकारी गिरणी आहे, म्हणजे तुमची-आमची आहे. मार्च २०२० च्या टाळेबंदीत राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाच्या ज्या उरल्यासुरल्या गिरण्यांची चाके थांबली, त्यांत ही टाटा मिल आहे, आणि चिंचपोकळीकडची पोदार मिलही आहे. टाळेबंदी उठली, दारूची दुकाने उघडली, देवळे उघडली, लग्नाच्या वराती निघाल्या. पण या गिरण्यांचा भोंगा पुन्हा वाजला नाही. आत साच्यांवर धूळ, बाहेर पहारेकरी, आणि ज्याच्या बापाने-आज्याने असल्याच शेडखाली जन्म काढला तो म्हातारा कामगार घराच्या अर्जाची पावती खिशात घालून मुंबईभर वणवण करतो. त्याला सरकार काय सांगते? बाबा, घर आहे. पण ते येथे नाही, शेलूला आहे, वांगणीला आहे!

आमचे म्हणणे आम्ही आरंभीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कोणास आमच्या शब्दांतून भलता अर्थ काढण्याची तसदी नको. बंद पडलेल्या सरकारी गिरणीच्या जागी पहिले घर गिरणी कामगाराचे झाले पाहिजे. ते त्याच जागी झाले पाहिजे. आणि त्याला झेपेल अशा किमतीत झाले पाहिजे. बाकीच्यांचे बंगले, कचेऱ्या, दुकाने यांचा विचार मागाहून करावा.

आमचा शेतकरी वाचक म्हणेल, हे मुंबईवाल्यांचे भांडण, आम्हास त्याचे काय? तर बाबांनो, गिरणी कामगार म्हणजे कोण? तो काही आकाशातून पडलेला नाही. ताडदेवला १८५४ साली दावरशेटच्या गिरणीची कंपनी निघाली, आणि त्यानंतर शंभर-सव्वाशे वर्षे रत्नागिरी, सातारा, कोल्हापूर, पुणे, नगर या जिल्ह्यांतले खेडेन् खेडे परळ-लालबागेत येऊन राबले. कोकणात खोत, घाटावर सावकार, आणि दोहींकडे दुष्काळ. तेव्हा दोन भाऊ नांगराशी राहिले आणि तिसरा बोटीने किंवा आगगाडीने मुंबईस गेला. हातमागावर पोट भरेना म्हणून साळी, कोष्टी, पद्मशाली, मोमीन गेले. गिरणीच्या कारखान्यात सुतार-लोहार लागले. तुमच्या घराचे कौल, बैलाची जोडी, बहिणीचे लग्न आणि सावकाराची फेड ही सारी मुंबईच्या मनिऑर्डरीवर झाली आहेत. तो तिसरा भाऊ मात्र एका खोलीत पंधरा-वीस जणांबरोबर पाळीपाळीने निजला. रात्रपाळीचा उठून आला की दिवसपाळीच्या माणसाने आपली वळकटी गुंडाळावयाची, अशी ती राहणी. खानावळवाल्या बाईचा डबा, गावच्या मंडळाची खोली, आणि शिमग्या-गणपतीला घर; यापलीकडे त्याने मुंबईचे सुख पाहिले नाही. तेव्हा त्याचे भांडण तुमच्या घरचेच आहे.

आणि आम्हा सत्यशोधकी वळणाच्या लोकांस तर या गिरणगावाशी फार जुने नाते आहे. जोतीरावांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे हे गिरणीत नोकरी केलेले गृहस्थ. 'दीनबंधू' चालवून त्यांनी मजुराची बाजू मांडली, आणि १० जून १८९० पासून गिरणी कामगारास जी रविवारची सुट्टी मिळू लागली ती त्यांच्याच खटपटीचे फळ. आज ज्या शेटजींच्या कचेऱ्या रविवारी बंद असतात त्यांनाही हे ठाऊक नसेल! आमच्या सरकारने २००५ साली लोखंड्यांच्या नावाचे टपाल तिकीट काढले. फार उत्तम केले. पण त्याच २००५ साली त्याच सरकारच्या महामंडळाने लोखंड्यांच्या गिरणगावातल्या पाच गिरण्यांच्या जमिनी लिलावाने विकल्या. तिकिटावर लोखंडे, आणि लिलावात त्यांचे गिरणगाव!

ही पाच गिरण्यांची गोष्ट जरा सविस्तर सांगितली पाहिजे, कारण सारी मेख तीत आहे.

गिरण्या सरकारच्या झाल्या कशा? शेटजींनी नफा खाल्ला, साचे जुने होऊ दिले, आणि गिरणी आजारी पडली म्हणून हात वर केले. तेव्हा १९७४ च्या कायद्याने आजारी गिरण्या सरकारने घेतल्या. पुढे १८ जानेवारी १९८२ रोजी अडीच लाख कामगारांचा संप सुरू झाला. तो संप अधिकृतपणे कधी मागे घेतला गेलाच नाही. माणसे तेवढी विरून गेली. त्या संपाच्या धुळीतच १९८३ साली मुंबईतल्या आणखी तेरा गिरण्यांचा कारभार सरकारने घेतला. शहरातल्या अठ्ठावन्न गिरण्यांपैकी पंचवीस अशा सरकारी झाल्या. शेटजींचा तोटा लोकांच्या तिजोरीतून भरून निघाला. म्हणजे या पंचवीस गिरण्यांची किंमत जनतेने दोनदा दिली, एकदा घामाने आणि एकदा कराने. अशा जागेवर पहिला हक्क कोणाचा, हे सांगण्यास वकील कशाला पाहिजे?

पण वकील आले. १९९१ साली मुंबईच्या विकास नियंत्रण नियमावलीत अठ्ठावन्नावा नियम आला. त्याचा अर्थ लोकांनी सरळ असा घेतला की गिरणीची जमीन विकासास काढली तर तिचे तीन वाटे व्हावे: एक बागा-मैदानांसाठी महानगरपालिकेस, एक सामान्यांच्या घरांसाठी म्हाडास, आणि एक मालकास. वाटणी वाईट नव्हती. मग २००१ साली त्या नियमात दुरुस्ती झाली, आणि ठरले असे की वाटणी करावयाची ती फक्त मोकळ्या जमिनीची. ज्या जागेवर शेड उभी आहे तिची नव्हे, मग ती शेड पाडून तेथे टोलेजंग इमारत उठली तरी चालेल.

शेतकरी बंधूंनो, ही मखलाशी तुमच्या भाषेत सांगतो. तीन भावांची वाटणी निघाली. थोरला म्हणाला, उभ्या पिकाचे शेत वाटणीत धरावयाचे नाही, आपण फक्त बांध वाटून घेऊ. नऊ एकरांची गिरणी धरा. सहा एकरांवर शेड, तीन एकर मोकळे. पहिल्या समजुतीने लोकांच्या घरांसाठी तीन एकर आले असते. दुरुस्तीनंतर जेमतेम एक. आणि त्या एकातूनही संक्रमण शिबिराच्या गाळ्यांचा हिस्सा वेगळा! लोक हायकोर्टात गेले. ऑक्टोबर २००५ मध्ये हायकोर्टाने लोकांच्या बाजूने निकाल दिला. मार्च २००६ मध्ये सुप्रीम कोर्टाने तो फिरवून दुरुस्ती कायम केली. न्यायासनाचा आम्ही मान राखतो. पण कायद्यात बसले म्हणून ते न्यायाचे झाले, हे आमच्या गळी उतरत नाही. पूर्वी रयतेस न कळणाऱ्या भाषेतली पोथी दाखवून तिचे धान्य नेत. आता तिला न कळणाऱ्या भाषेतली नियमावली दाखवून तिची जमीन नेतात. पोथी बदलली, एवढेच!

आणि उगीच शेटजींच्या नावाने खडे फोडण्यात अर्थ नाही. त्या दुरुस्तीवर सह्या करणारे, सभागृहात गप्प बसणारे, आणि पुढे लिलावाकडे डोळेझाक करणारे यांत बहुजनांची, शेतकऱ्यांची लेकरे थोडी नव्हती. त्यांच्यातल्या कित्येकांचे चुलते-मामे याच गिरण्यांत राबले असतील. मते मागताना यांना गिरणगाव आठवते, कागदावर सही करताना विसरते.

आता लिलावाचा हिशेब पाहा. लोअर परळची मुंबई टेक्सटाईल मिल २००५ साली ७०२ कोटी रुपयांस विकली गेली. घेणाऱ्याने ती जागा २०१२ साली दुसऱ्या बांधकामवाल्यास २,७२७ कोटी रुपयांस दिली. सात वर्षांत दोन हजार कोटींच्यावर फायदा, आणि त्यासाठी कापसाचे एक बोंडही पिंजावे लागले नाही! तेव्हा सरकारने सबब सांगितली होती की या जमिनी विकून जो पैसा येईल त्यातून उरलेल्या गिरण्या नव्या यंत्रांनी उभ्या करू. बरे, उभ्या केल्या? मार्च २०२० नंतर त्या गिरण्यांच्या दरवाजावर जे कुलूप दिसते तेच त्याचे उत्तर. जमीन गेली, पैसा गेला आणि गिरणीही गेली. घरातला बैल विकून नांगर घेतो म्हणणाऱ्या माणसाच्या अंगणात शेवटी बैलही नसावा आणि नांगरही नसावा, तशी ही गत.

कोणी म्हणेल, कामगारांना घरे दिलीच नाहीत काय? दिली. खोटे आम्ही बोलणार नाही. जून २०१२ मध्ये ६,९२५ घरांची सोडत निघाली. डिसेंबर २०१६ मध्ये पनवेलजवळ कोन येथील सुमारे चोवीसशे घरांची निघाली. १ मार्च २०२० रोजी ३,८९४ घरांची निघाली. ज्यांना ती मिळाली त्यांनी पेढे वाटले, आणि वाटावेच. पण २०१२ ते २०२० च्या साऱ्या सोडतींची बेरीज सोळा हजारांच्या आत आहे, आणि घर मागणारे अर्जदार पावणेदोन लाखांच्या घरात आहेत. आठ वर्षांत सोळा हजार, तर पावणेदोन लाखांना किती वर्षे, हे त्रैराशिक चौथीतल्या पोरानेही करावे. ऐंशी वर्षांहून अधिक येतात! १ जानेवारी १९८२ रोजी पटावर असलेला जो कामगार तेव्हा वीस वर्षांचा होता, तो आज साठीच्या पुढे आहे. त्याच्याबरोबरचे कितीतरी जण वाट पाहून गेले. आता अर्जावर विधवांची आणि वारसांची नावे आहेत.

कोनच्या घरांची तर निराळीच कथा. सोडत लागली, नाव निघाले, सहा लाखांची जुळवाजुळव झाली. आणि करोनाची साथ आली तेव्हा ती घरे विलगीकरणासाठी घेतली गेली. साथीत घरे घेतली याबद्दल आम्ही तक्रार करीत नाही, माणसाचा जीव मोठा. पण साथ सरल्यावर ती मोडतोड झालेली घरे दुरुस्त होण्यात पुन्हा वर्षे गेली, आणि म्हातारा कामगार घराचा मालक असून बेघर राहिला. दुसऱ्या कोणाचे घर असते तर एवढा धीर धरण्याचा उपदेश त्याला कोणी केला असता काय?

आणि आता शेलू-वांगणी. मार्च २०२४ च्या सरकारी निर्णयाने कर्जतच्या रेल्वेमार्गावर ८१,००० घरांची योजना निघाली. बांधणार खाजगी बांधकामवाले. घराची किंमत पंधरा लाख, त्यांत साडेपाच लाख सरकारचे आणि साडेनऊ लाख कामगाराचे. लालबागहून ही गावे सत्तर किलोमीटरांच्या पुढेमागे. आमचा त्यात रोखठोक सवाल असा: १ मार्च २०२० च्या सोडतीत मुंबईत, गिरणीच्याच जागेवर, सव्वादोनशे चौरस फुटांचे घर साडेनऊ लाखांस दिले होते ना? मग सत्तर किलोमीटर दूरचे घरही साडेनऊ लाखांसच कसे? हजार-दोन हजार पेन्शनवर जगणाऱ्या माणसाने साडेनऊ लाख कोठून आणावे, हा तर निराळाच प्रश्न. आणि त्याच निर्णयात, हे घर जो नाकारील त्याचा घराचा हक्कच संपेल, अशा आशयाचे कलम घातले होते. हे घर देणे म्हणावे की घर काढून घेणे? ९ जुलै २०२५ रोजी कामगारांच्या निरनिराळ्या संघटना आझाद मैदानावर एकत्र बसल्या, सत्तरीतल्या बायाबापड्या पावसात येऊन बसल्या, तेव्हा कोठे ते कलम काढण्याचे आश्वासन मिळाले.

हे सारे होत असताना शहाणी माणसे निरनिराळ्या अडचणी पुढे करतात. म्हणतात, परळची जमीन फार महाग, तीवर गरिबांची घरे परवडत नाहीत. कोणाला परवडत नाहीत? जमीन सरकारची आहे. ती सरकारला विकत घ्यावयाची नाही. घराच्या किमतीत मुंबईत सर्वांत मोठा आकडा जमिनीचा असतो, आणि तोच येथे शून्य धरता येतो. उरला तो वीट-सिमेंट-मजुरीचा खर्च. ती जमीन महाग आहे ती लिलावात. लोकांच्या घरासाठी काढली तर ती मुंबईतली सर्वांत स्वस्त जमीन आहे. महागाईचे बुजगावणे उभे करणारे हे उघड सांगत नाहीत की त्यांना घर बांधावयाचे नाही, जमीन विकावयाची आहे.

दुसरे म्हणतात, कामगार गावी गेला, त्याला मुंबईत घर कशाला? दिले तर तो विकून टाकील. वाहवा! सातशे दोन कोटींची जमीन सत्तावीसशे कोटींस विकली तर तो व्यापार, आणि कामगाराच्या विधवेने नवऱ्याच्या नावची खोली भाड्याने देऊन आपल्या औषधाचा खर्च भागविला तर ती लबाडी! कामगार हौसेने गावी गेला नाही. गिरणी बंद झाली, चाळीतली खोली परवडेना, म्हणून गेला. त्याचा नातू आज मुंबईत डबे पोचवतो, पहारा करतो, मालाच्या गाड्या हाकतो, आणि रात्री बदलापूर-विरारकडे लोंबकळत जातो. त्याला आज्याच्या गिरणीच्या जागी घर मिळाले तर मुंबईचे काय बिघडते?

तिसरे लोक जुन्या वास्तूंचे भक्त आहेत. त्यांना चिमणी हवी, दगडी भिंत हवी, वारसा हवा. आमचेही त्या चिमणीवर प्रेम आहे; तिच्या धुराने आमच्या माणसांची फुप्फुसे भरली आहेत. ठेवा ना चिमणी! तिला जागा ती किती लागते? काळाचौकीच्या इंडिया युनायटेड गिरणीत महानगरपालिकेने वस्त्रसंग्रहालय योजिले आहे, तेही होऊ द्या. पण साचा काचेच्या पेटीत आणि साचेवाला शेलूला, हे कसले संग्रहालय? आज्याचा साचा पाहावयास नातवाने सत्तर किलोमीटरांचे तिकीट काढून यावे काय?

आणि सरकारी गिरणीची जमीन केंद्राची, ती देता येत नाही, तीत पुष्कळ भानगडी, असे जे सांगतात त्यांस आम्ही दादरची इंदू मिल दाखवितो. तीही याच महामंडळाची. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या स्मारकासाठी ती सुमारे बारा एकर जागा मिळावी म्हणून लोकांनी नेट धरला, ६ डिसेंबर २०११ रोजी आत शिरून ठाण मांडले, आणि दिल्लीला जमीन द्यावी लागली. ११ ऑक्टोबर २०१५ रोजी तेथे भूमिपूजन झाले. म्हणजे देता येते; मागणारे हटले नाहीत की देता येते.

त्याच जागी घर देता येते, याचाही दाखला दूर शोधावयास नको. १९२० नंतरच्या दशकात गव्हर्नर लॉईडच्या कारकिर्दीत ज्या बी. डी. डी. चाळी मजुरांसाठी बांधल्या गेल्या, त्यांतल्या वरळीच्या ५५६ कुटुंबांस १४ ऑगस्ट २०२५ रोजी नव्या घरांच्या चाव्या मिळाल्या. एकशे साठ चौरस फुटांच्या खोलीच्या ठिकाणी पाचशे चौरस फुटांचे घर, फुकट, आणि त्याच जागेवर. बांधणारी म्हाडाच. वरळीत जमते ते परळला का जमत नाही?

एक गोष्ट मात्र आपल्या घरातलीही बोलली पाहिजे. गिरणीत साच्याखात्यात आमच्या अस्पृश्य बंधूंस शिरू देत नसत. धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे आणि त्याचा विटाळ होई म्हणून! चांगल्या पगाराचे ते खाते. आणि त्यापासून त्यांस दूर ठेवणारे शेटजी नव्हते, आपल्यातलेच मजूर होते. चाळीही तशाच जातवार वसल्या. नवी घरे होतील त्यांत हा घाणेरडा प्रकार पुन्हा येता कामा नये. सोडतीत ज्याचे नाव ज्या मजल्यास निघेल तो तेथे राहील, आणि शेजार मागून घेण्याची सवड कोणास असू नये.

आमची मागणी अशी की, मार्च २०२० पासून थंड पडलेल्या सरकारी गिरण्यांपैकी एकीचीही जागा लिलावात काढण्यापूर्वी तीवर किती कामगारांची घरे बसतात याचा नकाशा सरकारने लोकांपुढे मांडावा, मराठीत मांडावा, आणि परळ-लालबागेतच मांडावा. १९९६ साली चार्ल्स कोरिया यांच्या समितीने या गिरण्यांच्या जमिनींचा एकत्र विचार करण्याची वाट दाखविली होती. त्या अहवालावरची धूळ झटकण्यास आणखी समितीची गरज नाही. शेलूला ज्यास स्वखुशीने जावयाचे असेल त्याने जावे, पण तेथे जाण्यास नकार दिला म्हणून कोणाचे नाव यादीतून पुसले जाऊ नये.

गावोगावच्या आमच्या वाचकांस एवढेच सांगणे आहे. १ जानेवारी १९८२ रोजी किंवा त्यानंतर ज्याचे नाव गिरणीच्या पटावर होते तो, किंवा त्याचा वारस, घरास पात्र धरला आहे. तेव्हा घरातली जुनी ट्रंक आज रात्रीच उघडा. गिरणीचा पास, तिकीट नंबर, पगाराची पावती, प्रॉव्हिडंट फंडाचा कागद, विम्याचे कार्ड, जे सापडेल ते नीट जपून ठेवा आणि त्याच्या नकला करा. बाप वारला असेल तर वारसाचे कागद भावा-बहिणींनी भांडण न करता एकत्र बसून करून घ्या. आईचे आणि बहिणीचे नाव गाळू नका. घर मिळवून देतो म्हणून पैसे मागणारा दलाल गावात आला तर त्यास चावडीवर सर्वांसमोर नाव विचारा. आणि मूळ कागद, कोणी कितीही गोड बोलले तरी, कोणाच्या हाती देऊ नका.